बहिणा : जागेपणाची वाट

बहिणाबाई म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना खानदेशच्या बहिणाबाई चौधरी आठवतात. मला येथे लिहायचे आहे ते त्यांच्या सुमारे अडीचशे वर्षे आधी होऊन गेलेल्या संत बहिणाबाईंविषयी. आत्मज्ञान म्हणजे घरदार सोडून गुहेत जाऊन बसणे, अशी आपली समजूत असते. बहिणाबाईंच्या वाट्याला गुहा आली नाही. आले ते परगावचे बिऱ्हाड, नवऱ्याचा मार आणि बाळंतपण. म्हणूनच त्यांचे चरित्र मला जवळचे वाटते.

वेरूळ परिसरातील देवगाव येथे १६२८ च्या सुमारास आऊजी कुलकर्ण्यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. वयाच्या तिसऱ्या वर्षी शिऊरच्या गंगाधर पाठक या तीस वर्षांच्या बिजवराशी लग्न लागले. पुढे भाऊबंदकी आणि कर्ज यांपायी कुटुंबाला रातोरात गाव सोडावे लागले. भटकंती करीत हे बिऱ्हाड कोल्हापूरला येऊन टेकले. तेथे एका गायीच्या वासराला बहिणेचा विलक्षण लळा लागला. तिच्यामागून ते जयरामस्वामींच्या कीर्तनालाही जाई. गावात या मुलीची चर्चा सुरू झाली आणि वेदपाठी नवऱ्याचा संताप अनावर झाला. त्याने तिला बांधून मारले. थोड्याच दिवसांत वासरू मेले आणि बहिणा शुद्ध हरपून पडली.

त्याच अवस्थेत तिला तुकोबांचे दर्शन झाले. प्रत्यक्षात तिने त्यांना कधी पाहिले नव्हते, केवळ अभंग ऐकले होते. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू करावे, हे नवऱ्याला कसे सोसणार? गर्भवती पत्नीला सोडून निघून जाण्याचे त्याने ठरविले. पण तो आजारी पडला, मन पालटले आणि पुढे दोघे देहूला गेले. तेथे मंबाजींचा छळही बहिणाबाईंनी सोसला.

आता खरा प्रश्न येतो. एवढे होऊनही बहिणाबाईंनी पतिसेवा हाच आपला धर्म मानला. आजच्या विद्यार्थिनीला हे खटकते, मलाही खटकते. परंतु त्यांचे अभंग वाचताना माझ्या लक्षात आले, की त्यांनी तो मार लपविलेला नाही. स्त्रीदेहामुळे वेदांची दारे बंद, ही व्यथाही त्यांनी स्पष्ट मांडली. वज्रसूची मराठीत आणून ब्राह्मण कोणास म्हणावे, याचाही विचार त्यांनी केला. बंधन तुटले नाही. पण त्याला नाव देण्याइतके भान आले. मला वाटते, त्यांच्या जागृतीचा आरंभ दर्शनात असला तरी तिची परिपक्वता या प्रांजळ सांगण्यात आहे.

१७०० मध्ये देह ठेवण्यापूर्वी त्यांनी मुलाला, विठोबाला, आपल्या मागच्या बारा जन्मांची कथा सांगितली. पूर्वजन्मांवर आपला विश्वास असो वा नसो, सामान्य घरातल्या एका स्त्रीला आपली कहाणी सांगण्याजोगी वाटली, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. शिऊरला त्यांची समाधी आहे. त्यांची गाथा आपल्यापैकी प्रत्येकाने, विशेषतः मैत्रिणींनी, एकदा तरी वाचावी. मग कोठे अडखळलो आणि कोठे पटले, यावर आपण मोकळेपणाने बोलू.