भाऊंचे डोळे

हॉस्टेलवर नवीन कुणी भेटला की मी गाव सांगतो शिरोडा, आणि समोरचा विचारतो, हे कुठं आलं रे? मग मी वेंगुर्ल्याच्या जवळ वगैरे सांगत बसत नाही. खांडेकरांचं शिरोडं, एवढंच म्हणतो. घरातल्या मोठ्या माणसांना लगेच कळतं. आपल्या पिढीसाठी मात्र थोडं सांगावं लागेल.

वि. स. खांडेकर जन्मले सांगलीला, ११ जानेवारी १८९८ रोजी. १९२० साली ते शिरोड्याच्या शाळेत मास्तर म्हणून आले आणि १९३८ पर्यंत राहिले. माडांच्या आणि मिठागरांच्या त्या गावात पोरांना शिकवता शिकवता त्यांनी 'उल्का', 'दोन ध्रुव' लिहिल्या. पुढे कोल्हापूर, सिनेमाच्या पटकथा, १९५९ ची 'ययाति' आणि १९७४ चं ज्ञानपीठ. मराठीला मिळालेलं ते पहिलंच!

पण अखेरच्या वर्षांत भाऊंची दृष्टी गेली. जन्मभर वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या माणसाचं सगळं दुसऱ्याच्या डोळ्यांवर आलं. तोंडाने मजकूर सांगायचा, लेखनिकाने उतरवायचा. २ सप्टेंबर १९७६ ला ते गेले.

आज त्यांच्या हातात मोबाईल असता तर? चित्र आणि भाषा दोन्ही कळणारी एआय मॉडेल्स आता आली आहेत. 'बी माय आईज' या अ‍ॅपमध्ये २०२३ पासून फोटो काढला की समोर काय आहे ते यंत्र बोलून सांगतं. पुढची पायरी एजंटची, म्हणजे नुसतं सांगणारा नव्हे, तर काम करणारा. पत्र वाचेल, उत्तर लिहील, फॉर्म भरेल, पाठवूनही देईल.

मित्रांनो, खरी मेख इथेच आहे. चांगल्या लेखनिकाला अक्षर लागलं नाही तर तो थांबतो, विचारतो. ही मॉडेल्स कधीकधी न थांबता मनाचंच ठोकून देतात. डोळस माणूस ती चूक पकडेल. ज्याला दिसत नाही त्याने कशी पकडायची? आणि एजंटने तोवर पत्र पाठवूनही दिलं असेल!

म्हणून फायनल इयरला असा प्रोजेक्ट घेणाऱ्यांना माझं एकच सांगणं. अचूकतेचे टक्के काढाच, पण मराठी हस्ताक्षरातलं एखादं गिचमिड पत्रही त्याच्यापुढे धरा. 'हे मला वाचता येत नाही' असं तो म्हणाला, तरच त्याला कुणाचे डोळे व्हायला सांगा.