कॅमेऱ्याचा विद्यार्थी

मुलांनो, आपल्या करकंबमध्ये आज जवळजवळ प्रत्येक घरात मोबाइल आहे आणि मोबाइलमध्ये कॅमेरा आहे. ईदला नवे कपडे घातले की तुम्ही लगेच फोटो काढता. फोटो आवडला नाही, तर पुसून टाकता आणि दुसरा काढता. त्यासाठी कोणाकडे शिकायला जावे लागत नाही.

माझ्या दादीचा मात्र आमच्या घरी एकच फोटो आहे. तोही मतदार ओळखपत्रासाठी काढलेला. त्यात ती घाबरून कॅमेऱ्याकडे बघते आहे. फोटो काढला की माणसाचे आयुष्य कमी होते, असे तिने लहानपणी कोणाकडून तरी ऐकले होते. आम्ही भावंडे तिच्या या भीतीला हसत असू. पुढे मी दादासाहेब फाळके यांचे चरित्र वाचले. अशाच समजुतीमुळे या मोठ्या माणसाचा धंदा बुडाला होता. ते वाचल्यावर मला हसू आले नाही.

दादासाहेब फाळके हे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांना भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणतात. चित्रपटांसाठीचा देशातला सर्वांत मोठा सरकारी पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो. पण मी तुम्हांला चित्रपट काढणाऱ्या फाळक्यांपेक्षा शिकणाऱ्या फाळक्यांविषयी जास्त सांगणार आहे. उर्दूत आपण ज्याला शागीर्द म्हणतो, तसे ते चाळिशी उलटली तरी शागीर्दच राहिले होते.

त्यांचे पूर्ण नाव धुंडिराज गोविंद फाळके. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे विद्वान होते. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात अध्यापकाची नोकरी मिळाली, म्हणून सारे कुटुंब मुंबईला आले. आपल्या मुलानेही शास्त्री व्हावे, असे त्या काळातल्या कोणत्याही विद्वान पित्याला वाटले असते. पण धुंडिराजाचा हात चित्रांकडे वळत होता. १८८५ मध्ये तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला आणि चित्रकला शिकू लागला.

त्या काळात फोटो काढणे हा श्रीमंतांचा आणि साहेबलोकांचा छंद होता. मुंबईत १८५४ मध्येच छायाचित्रकारांची एक संस्था निघाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या भारतीय सभासदांपैकी एक होते. अशा संस्थांमध्ये लोक एकमेकांचे फोटो बघत, रसायनांची चर्चा करत, झालेल्या चुका सांगत. पण कॅमेरा, काचा आणि रसायने यांना भरपूर पैसा लागे. साध्या घरातल्या मुलाने हे सारे शिकावे कुठे?

धुंडिराजाला ही जागा बडोद्यात सापडली. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९० मध्ये 'कलाभवन' ही संस्था सुरू केली. तिथे हातांनी करायच्या विद्या शिकवत. प्राचार्य होते त्रिभुवनदास गज्जर. ते मोठे रसायनशास्त्रज्ञ होते. मुंबईतल्या राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले होते. संगमरवरावरचा तो डाग काही केल्या जाईना. तो गज्जरांनी काढून दाखवला, एवढे सांगितले म्हणजे पुरे. त्यांनी या तरुणाची आवड ओळखली. कलाभवनातले छायाचित्रणाचे दालन, प्रयोगशाळा आणि पुस्तके त्यांनी त्याच्यासाठी खुली केली. धुंडिराजाने त्याच सुमारास स्वतःचा कॅमेराही घेतला.

तेव्हा फोटो कसा काढत, हे थोडे समजून घ्या. नाहीतर फाळक्यांनी काय शिकले, ते तुम्हांला कळणार नाही. कॅमेरा म्हणजे लाकडाची मोठी पेटी. ती तिवईवर ठेवायची. आत फिल्म नसे, काच असे. काचेवर चांदीच्या क्षाराचा पातळ थर दिलेला असे. भिंगातून आलेला प्रकाश त्या थरावर पडला की त्यात बदल होई, पण तो डोळ्यांना दिसत नसे. मग ती काच अंधाऱ्या खोलीत न्यायची. तिथे फक्त तांबडा दिवा, कारण तांबड्या उजेडाने ती काच बिघडत नसे. एका रसायनात काच बुडवली की हळूहळू चित्र उमटू लागे. पण उलटे! गोरा चेहरा काळा, काळे केस पांढरे. दुसऱ्या रसायनात ते चित्र पक्के करायचे, धुवायचे, वाळवायचे. नंतर त्या काचेवरून कागदावर छाप घ्यायचा. तेव्हा कुठे काळ्याचे काळे आणि पांढऱ्याचे पांढरे दिसे. रसायन थोडे गार असले, काच जरा जास्त वेळ राहिली, दाराच्या फटीतून उजेड आला, की सगळी मेहनत वाया. ही विद्या पुस्तक वाचून येत नाही. शेजारी जाणकार माणूस उभा असावा लागतो.

गज्जरांनी त्यांना तेवढ्यावर थांबू दिले नाही. पुढचे शिक्षण घेण्यासाठी त्यांनी फाळक्यांना रतलामला बाबुलाल वरुवळकर यांच्याकडे पाठवले. तिथे ते फोटोवरून छपाईचे ठसे कसे करायचे आणि तीन रंगांचे तीन ठसे एकावर एक छापून रंगीत चित्र कसे मिळवायचे, हे शिकले. पुढे हीच विद्या त्यांची भाकर झाली.

शिकून झाल्यावर त्यांनी गोध्रा येथे फोटोचा स्टुडिओ थाटला. धंदा जेमतेम चालू लागला होता. इतक्यात प्लेगची साथ आली. या साथीने त्या काळात गावेच्या गावे ओस पाडली. १९०० च्या सुमारास त्या साथीत फाळक्यांची पत्नी गेली, मूलही गेले. ते गोध्रा सोडून बडोद्याला परतले आणि पुन्हा फोटोचा धंदा सुरू केला. पण इथे माझ्या दादीची ती समजूत आडवी आली. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो, फोटो काढला की माणूस लवकर मरतो, असे लोक बोलू लागले. प्लेगने आधीच सारे धास्तावलेले. कोण फोटो काढून घेणार? फाळके लोकांना समजावत राहिले, पण समजावून पोट भरत नाही. धंदा बसला.

नाटक कंपन्यांचे पडदे रंगवून त्यांनी दिवस काढले. त्याच दिवसांत एका जर्मन जादूगाराशी त्यांची ओळख झाली. फाळके त्याच्याकडून हातचलाखीचे खेळ शिकले आणि आपले आडनाव उलटे करून 'केल्फा' या नावाने जादूचे प्रयोगही करू लागले. डोळ्यांना फसवण्याची ही कला चित्रपटात किती कामाला येणार होती, हे तेव्हा त्यांना तरी कुठे ठाऊक होते?

१९०२ मध्ये त्यांचे दुसरे लग्न झाले. पत्नीचे नाव सरस्वतीबाई. त्यांना विसरू नका, त्या पुढे येणार आहेत. १९०३ मध्ये फाळक्यांना सरकारच्या पुरातत्त्व खात्यात नोकरी लागली. काम होते नकाशे, चित्रे आणि फोटो काढण्याचे. पगाराची नोकरी होती. पण स्वदेशीची चळवळ सुरू झाल्यावर त्यांनी ती सोडली. मग लोणावळ्याला आणि नंतर मुंबईत दादरला त्यांनी छापखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या छपाईसाठीही त्यांनी काम केले. रंगीत छपाईची नवी यंत्रे आणि तंत्र यांसाठी १९०९ मध्ये ते जर्मनीला जाऊन आले. छापखान्याचे नाव झाले, पण भागीदारांशी पटेना. फाळके छापखान्यातून बाहेर पडले.

वय चाळीस-एक्केचाळीस. हातात काम नाही. घरात मुलेबाळे. अशा वेळी गिरगावातल्या एका तंबूत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. आपल्या राम-कृष्णांच्या कथा अशा पडद्यावर का दिसू नयेत, या विचाराने त्यांना झपाटले. इतर कोणी असता तर त्याने आधी पैसे जमवले असते. फाळके आधी शिकायला बसले! ते रोज सिनेमा पाहू लागले. एक लहानसे यंत्र आणून घरी रात्ररात्र प्रयोग करू लागले. झोप नावापुरती. शेवटी डोळ्यांनी दगा दिला आणि काही काळ त्यांना दिसेनासे झाले. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि चष्म्यांनी दृष्टी परत आली, तसे ते पुन्हा कामाला लागले.

पण घरी बसून शिकायला मर्यादा होती. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला निघाले. लंडनमध्ये ओळखीचे कोणी नव्हते. 'बायोस्कोप' नावाचे सिनेमाचे साप्ताहिक ते मुंबईत वाचत असत. तेवढ्या आधारावर ते थेट त्याच्या कचेरीत गेले. संपादकांचे नाव कॅबोर्न. त्यांनी आधी फाळक्यांना या फंदात पडू नका, असेच सांगितले. हिंदुस्थानात हा धंदा जमणार नाही, असे त्यांचे मत होते. पण समोरच्या माणसाची तयारी पाहून ते विरघळले आणि त्यांनी सेसिल हेपवर्थ यांच्याशी फाळक्यांची गाठ घालून दिली. हेपवर्थ म्हणजे इंग्लंडमधले नावाजलेले चित्रपट निर्माते. त्यांनी आपल्या स्टुडिओतले एकेक काम या परदेशी माणसाला दाखवले. कोणते गुपित राखले नाही. मला या गोष्टीचे फार नवल वाटते. ज्या देशाचे आपल्यावर राज्य होते, त्याच देशातल्या दोन माणसांनी एका हिंदी माणसाला आपली विद्या दिली. बडोद्यात गज्जरांनी केले, तेच लंडनमध्ये यांनी केले.

विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवून फाळके परतले. सामान आल्यावर मुंबईत भांडवल देणारे विचारू लागले, की तुम्हांला हे जमते कशावरून? फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी लावले. कॅमेरा त्याच्यासमोर रोवला. सुमारे महिनाभर ते रोज थोडी थोडी फिल्म घेत राहिले. पडद्यावर लोकांनी पाहिले, तर बी फुटते आहे, कोंब वर येतो आहे आणि पाहता पाहता वेल होतो आहे! भांडवलाची सोय झाली. तरी पैसा पुरेना, तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले.

आता त्या भोकांविषयी सांगतो. फिल्मच्या दोन्ही कडांना बारीक भोके असतात. यंत्राचे दाते त्यांत अडकून फिल्म पुढे सरकते. त्या वेळी परदेशातून येणारी कोरी फिल्म भोके नसलेली असे. ती भोके घरी पाडावी लागत, आणि तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म फुकट. एका फुटाला दोन्ही बाजू मिळून १२८ भोके पडतात. 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट ३७०० फुटांचा होता. म्हणजे एका प्रतीलाच साडेचार लाखांहून अधिक भोके झाली. वहीत गुणाकार करून पाहा. हे काम सरस्वतीबाईंनी केले. दिवसभर साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करायचा आणि रात्री दारे-खिडक्या बंद करून यंत्रापुढे बसायचे. फिल्म धुणे, रसायने कालवणे हेही फाळक्यांनी त्यांना शिकवले. कॅमेरा चालवायला त्यांनी त्र्यंबकेश्वरचे आपले मित्र त्र्यंबक तेलंग यांना तयार केले. तारामतीचे काम करायला स्त्री मिळेना, तेव्हा एका उपाहारगृहातल्या साळुंके नावाच्या स्वयंपाक्याला ते शिकवले. ते पुढे प्रसिद्ध नट झाले.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. तुम्ही पंढरपूर तालुक्यातले विद्यार्थी आहात, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. त्याच थिएटरात एक वर्ष आधी, १८ मे १९१२ रोजी, दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' दाखवला गेला होता. होय, ज्याच्यासाठी विठोबा विटेवर उभा राहिला, असे सांगतात, तोच पुंडलिक. त्यामुळे पहिला चित्रपट कोणाचा, यावर वाद होतो. पण 'पुंडलिक' हे नाटक होते. ते कॅमेऱ्यापुढे केले होते, कॅमेरा इंग्रज माणसाने चालवला होता आणि फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवली होती. तोरण्यांचे धाडस लहान नाही. तरीही बी पेरण्यापासून भाकरी भाजण्यापर्यंत सारे काम आपल्या हातांनी करणारे पहिले होते फाळकेच, असे मला वाटते.

पुढचे थोडक्यात सांगतो. ते नाशिकला राहायला गेले. १९१४ मध्ये आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला जाऊन आले. १९१७ च्या 'लंकादहन'ला लोकांनी अतोनात गर्दी केली. १९१९ च्या 'कालियामर्दन'मध्ये त्यांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. बोलपट आले, काळ बदलला आणि फाळके मागे पडले. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. शेवटची वर्षे हलाखीचीच गेली.

त्यांच्या एका छोट्या चित्रपटाविषयी सांगायचे राहिले. त्यात ना देव आहेत, ना राक्षस. १९१७ च्या सुमाराच्या या चित्रपटाचे नाव आहे 'चित्रपट कसे तयार करतात'. बडोद्यात आणि लंडनमध्ये आपण जे शिकलो, ते त्यांनी सर्वांसाठी पडद्यावर मांडून ठेवले. त्याचे काही तुकडे आजही शिल्लक आहेत. त्यांत दादासाहेब स्वतः दिसतात. ते नटांना काम समजावून देतात, आणि मग फिल्मची पट्टी डोळ्यांपुढे धरून तिच्यातले एकेक चित्र तपासू लागतात.