सत्ता नाकारणारे नगरचे अच्युतराव

ऑगस्ट १९४२ मध्ये देशाचे नेतृत्व नगरच्या भुईकोट किल्ल्यात बंदिस्त झाले होते. पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव आदींना ब्रिटिश सरकारने येथे आणून ठेवले. त्याच वेळी नगरचेच एक सुपुत्र मात्र सरकारच्या हाती लागत नव्हते. त्यांचे नाव अच्युतराव पटवर्धन.

५ फेब्रुवारी १९०५ रोजी नगरमध्ये जन्मलेल्या अच्युतरावांचे वडील हरी केशव पटवर्धन वकील होते. थोरले बंधू रावसाहेब हेही पुढे स्वातंत्र्यलढ्यातील अग्रणी ठरले. नगरमधील शालेय शिक्षणानंतर अच्युतरावांनी बनारसला अर्थशास्त्रात एम.ए. केले व तेथेच अध्यापन सुरू केले. १९३२ मध्ये प्राध्यापकी सोडून त्यांनी सविनय कायदेभंगात उडी घेतली. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांत ते होते. १९३६ मध्ये काँग्रेस अध्यक्ष नेहरूंनी त्यांना कार्यकारिणीत स्थान दिले.

बेचाळीसच्या आंदोलनात वरिष्ठ नेते तुरुंगात गेले आणि एक मूलभूत प्रश्न उभा राहिला. वरून आदेश देणारे कोणी उरले नाही, तर लोकांनी काय करायचे? अरुणा असफअली, राममनोहर लोहिया यांच्यासह भूमिगत राहून अच्युतरावांनी या प्रश्नाला कृतीने उत्तर दिले. सातारा जिल्ह्यातील लढ्याशीही त्यांचा निकटचा संबंध होता. तेथे १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील व सहकाऱ्यांनी प्रतिसरकार चालविले. गावोगावी न्यायदान मंडळे स्थापन झाली, तंटे गावातच मिटू लागले, कमी खर्चाचे विवाह लागले, दारूबंदीचे प्रयत्न झाले. राज्यकारभार ही केवळ राजधानीची मक्तेदारी नाही, हे खेड्यातल्या माणसांनी दाखवून दिले. या सत्तेलाही दुसरी बाजू होती. गावगुंडांना व सरकारच्या खबऱ्यांना दिलेल्या कठोर शिक्षांवरून तेव्हाही वाद झाले. लोकांच्या हाती आलेल्या सत्तेवर अंकुश कोणाचा, हा प्रश्न त्यातून पुढे आला.

अच्युतरावांवरील वॉरंट १९४६ मध्ये मागे घेतले गेले, तेव्हाच ते उघडपणे वावरू लागले. स्वातंत्र्यानंतर दिल्लीतील सत्तेचे दरवाजे अशा लोकप्रिय नेत्याला बंद नव्हते. त्यांनी मात्र समाजवादी पक्षाच्या उभारणीत भाग घेतला आणि १९५० मध्ये, ऐन पंचेचाळिशीत, राजकारणातूनच निवृत्ती पत्करली. पुन्हा बनारसला जाऊन ते अध्यापनात रमले. जे. कृष्णमूर्तींच्या विचारांचा त्यांच्यावर गाढा प्रभाव होता. माणूस बदलल्याशिवाय व्यवस्था बदलत नाही, या जाणिवेकडे त्यांचा प्रवास झाला. काहींना ही माघार वाटली. तथापि, लढ्याचे मोल पदाच्या रूपाने वसूल न करण्याचा त्यांचा निग्रह आजही दुर्मिळच आहे.

५ ऑगस्ट १९९२ रोजी वाराणसीत त्यांचे निधन झाले. त्यानंतर अवघ्या साडेचार महिन्यांत संसदेने ७३वी घटनादुरुस्ती संमत केली आणि ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. २४ एप्रिल १९९३ पासून ती अमलात आली. नगर जिल्हा आता अहिल्यानगर झाला आहे. याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने ग्रामसभेच्या बळावर पाण्याचा ताळेबंद मांडून गाव सावरले. परंतु अनेक गावांत ग्रामसभा अजूनही कोरमअभावी तहकूब होतात. कायद्याने सत्ता गावापर्यंत आली. ती हाती घेण्यासाठी चावडीपर्यंत चालत जाणे हे मात्र आपलेच काम आहे.