ओळखीचे भांडवल

व्यापारातील ओळख म्हणजे वशिला, हा मध्यमवर्गीय समज वालचंद हिराचंदांचे चरित्र खोटा ठरविते. १८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या या सधन व्यापारीपुत्राने रेल्वेतील माजी कारकून लक्ष्मणराव फाटकांशी भागीदारी करून कंत्राटदारी आरंभिली. भांडवल एकाचे, कामाची जाण दुसऱ्याची. १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी प्रभृतींच्या साथीने सिंदिया कंपनी काढून त्यांनी ब्रिटिश जहाजकंपन्यांच्या मक्तेदारीस आव्हान दिले. १९३९ साली प्रवासात विल्यम पॉली या अमेरिकनाशी परिचय झाला. १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळुरास विमान कारखाना निघाला. परिचय सर्वांचेच होतात. त्यांवर स्वतःचे धन आणि नाव पणास लावणारा विरळा. १९५३ साली निवर्तलेल्या वालचंदांचे मोठेपण नेमके येथेच आहे.