प्लेगच्या साथीतली सावित्रीमाई

भिडे वाड्यातली १८४८ ची शाळा आपल्या सगळ्यांना पाठ आहे. नागपूरच्या वस्त्यावस्त्यांत दर ३ जानेवारीला आपण ती गोष्ट सांगतो. आज सावित्रीमाईंच्या शेवटच्या लढ्याबद्दल बोलू.

१८३१ साली नायगावात जन्मलेल्या सावित्रीमाईंनी १८९० मध्ये जोतीराव गेल्यावर सत्यशोधक समाजाची धुरा वाहिली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि लवकरच पुण्यात पोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. १३ मार्चपासून पुण्यात गोऱ्या सोल्जरांनी घरोघर झडत्या घेतल्या. रोग्यांना सक्तीने उचलले, सामान जाळले, घरे जंतुनाशकाने धुतली. धाकाने लोक रोगी लपवू लागले. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. ते पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले.

सोल्जर रस्त्यावर उतरण्याआधीच माई कामाला लागल्या होत्या. दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. माई स्वतः रोगी तिथे पोचवत. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग गायकवाड हा मुलगा आजारी असल्याचे कळताच त्यांनी त्याला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. ज्याच्या सावलीचाही समाजाला विटाळ व्हायचा, त्या लेकराला माईंनी अंगाशी धरले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. पुढे १९०५ मध्ये डॉ. यशवंत हेही प्लेगनेच गेले.

२०२० मध्ये आपल्या सतरंजीपुरा, मोमिनपुऱ्यात गल्ल्या सील झाल्या, शहरभर हायपोक्लोराइटची फवारणी झाली. फवारणी आणि नाल्यांची सफाई हा आपला हक्क आहे, तो मागितलाच पाहिजे. पण औषधाने भिंत धुतली जाते, मनातला विटाळ नाही. बाधित घराकडे बोट दाखवणारा शेजारी आणि सफाई कामगाराला हातमोज्यांविना गटारात उतरवणारा ठेकेदार, दोघांनाही अडवावे लागेल.

बाबासाहेबांनी जोतीरावांना गुरू मानले. त्या घरातली करुणा आपल्या वाट्याला आली आहे. येत्या १० मार्चला फोटोला हार घालूच. सोबत प्रत्येक विहारात आपल्या वस्तीतल्या एकट्या, आजारी माणसांची यादी करू आणि साथ आली तर कोण कोणाच्या दारी जाणार, ते त्याच दिवशी ठरवू.

जयभीम! जय सावित्री!