षट्कोनी नळीचा शिल्पकार : सर जोसेफ व्हिटवर्थ

मुंबई-पुण्यातील कोणत्याही जुन्या वर्कशॉपमध्ये गेल्यास तेथील फिटरच्या तोंडी व्हिटवर्थ हे नाव हमखास ऐकायला मिळते. नट-बोल्टच्या आट्यांचा एक प्रकार, एवढीच त्याची ओळख. आपल्या घरातील पाण्याच्या लोखंडी पाइपच्या आट्यांचा ५५ अंशांचा कोनही याच माणसाने १८४१ मध्ये ठरवून दिलेला आहे. मात्र याच कारागिराने आयुष्यातील उमेदीची काही वर्षे एका वेगळ्याच प्रश्नाला वाहिली होती, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. वजनाने सारख्या दोन गोळ्या आणि दारूही सारखीच, तरी एक गोळी दूरवर अचूक जाते आणि दुसरी भरकटते, असे का होते, हा तो प्रश्न. लांब पल्ल्याच्या काडतुसांची शास्त्रशुद्ध तुलना करण्याची प्रथा रुजली ती मुख्यतः त्याच्या या प्रयोगांमुळे.

जोसेफ व्हिटवर्थ यांचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी इंग्लंडमधील स्टॉकपोर्ट येथे झाला. वडील शिक्षक आणि धर्मोपदेशक. वयाच्या चौदाव्या वर्षी जोसेफ यांना मामाच्या सूतगिरणीत उमेदवारीसाठी पाठविण्यात आले. पुढे गिरणीचे मालक व्हावे, ही घरच्यांची अपेक्षा. मुलाचे मन मात्र सुतात नव्हे, तर सूत काढणाऱ्या यंत्रांत रमले. काही वर्षांनी गिरणी सोडून त्यांनी मँचेस्टर गाठले आणि तेथे साधा मेकॅनिक म्हणून कामाला सुरुवात केली. १८२५ मध्ये विवाह झाला आणि त्याच सुमारास ते लंडनला गेले. तेथे हेन्री मॉडस्ली या नामांकित यंत्रकाराच्या कारखान्यात त्यांना काम मिळाले. पुढे जोसेफ क्लेमंट यांच्याकडेही त्यांनी काम केले. चार्ल्स बॅबेज यांचे गणनयंत्र याच क्लेमंट यांच्या कारखान्यात तयार होत होते.

सपाटपणाचा ध्यास

यंत्राचे भाग अचूक हवेत, तर आधी खरोखर सपाट असा पृष्ठभाग हवा, हे व्हिटवर्थ यांनी ओळखले. दोन पाटे एकमेकांवर घासले तर ते एकमेकांना बिलगतात खरे. पण एक किंचित फुगीर आणि दुसरा किंचित खोलगट असला तरीही ते बिलगतातच. म्हणून त्यांनी तीन पाटे घेतले आणि प्रत्येकाची उरलेल्या दोघांशी गाठ घालून पाहिली. तिन्ही पाटे परस्परांशी जुळायचे असतील, तर ते सपाटच असावे लागतात. उंचवटा दिसेल तेथे घासण्याऐवजी तो खरवडून काढायचा, हे त्यांचे तंत्र. १८४० मध्ये ग्लासगो येथील परिषदेत त्यांनी ही पद्धत मांडली.

१८३३ मध्ये ते मँचेस्टरला परतले होते आणि चोर्ल्टन स्ट्रीटवर त्यांचा स्वतःचा कारखाना उभा राहिला होता. त्या काळी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. एका ठिकाणचा नट दुसऱ्या ठिकाणच्या बोल्टला बसत नसे. व्हिटवर्थ यांनी निरनिराळ्या कारखान्यांतील स्क्रू जमवले, त्यांची मापे घेतली आणि त्यातून एक समान पद्धती सुचवली. रेल्वे कंपन्यांनी ती उचलून धरली. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात त्यांच्या यंत्रांनी आणि इंचाचा दहालाखावा भाग दाखवणाऱ्या मापनयंत्राने जाणकारांचे लक्ष वेधून घेतले.

आधी कारण, मग कारखाना

१८५४ मध्ये ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरले. ब्रिटिश सरकारला एनफिल्ड रायफली मोठ्या संख्येने हव्या होत्या आणि त्या तयार करणारी यंत्रे व्हिटवर्थ यांनी द्यावीत, अशी अपेक्षा होती. त्यांनी मात्र वेगळीच भूमिका घेतली. चांगली रायफल कशामुळे चांगली ठरते, हेच कोणी तपासलेले नसेल, तर ती घडवण्याची यंत्रे कशाच्या आधारावर तयार करायची? सरकारने त्यांचे म्हणणे मान्य केले. मँचेस्टरजवळील त्यांच्या निवासस्थानाच्या आवारात सरकारी खर्चाने ५०० यार्ड लांबीची बंदिस्त चाचणी-गॅलरी उभारण्यात आली. वादळाने ती एकदा जमीनदोस्त झाली. ती पुन्हा बांधली गेली आणि १८५५ मध्ये प्रयोग सुरू झाले. गोळीच्या मार्गावर ठरावीक अंतराने पातळ कागदाचे पडदे लावलेले असत. पडद्यांवरील छिद्रांवरून गोळीचा संपूर्ण प्रवास रेखाटता येई.

एनफिल्डच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच होता. तिच्या आतील खाचांचा पीळ ७८ इंचांत एक फेरा असा होता. नळीच ३९ इंचांची असल्याने बाहेर पडेपर्यंत गोळीचा जेमतेम अर्धा फेरा होई. व्हिटवर्थ यांनी व्यास ०.४५१ इंचांवर आणला आणि पीळ २० इंचांत एक फेरा इतका घट्ट केला. नळीला आतून खाचा पाडण्याऐवजी तिचा छेदच षट्कोनी ठेवला आणि त्यात नेमकी बसेल अशी षट्कोनी गोळी तयार केली. गोळीचे वजन एनफिल्डइतकेच, म्हणजे ५३० ग्रेन (सुमारे ३४ ग्रॅम) होते. दारूही तितकीच, सुमारे ७० ग्रेन.

मग फरक पडला कोठे? वजन तेच ठेवून व्यास कमी केला की गोळी लांब होते. हवेला सामोरा जाणारा तिचा छेद सुमारे एक तृतीयांशाने घटतो. हवेचा अडथळा कमी होतो आणि वेग दूरपर्यंत टिकतो. पण लांब गोळी हवेत कोलांट्या खाऊ लागते. तिला टोकावर स्थिर ठेवण्यासाठी भोवऱ्यासारखी वेगाने फिरवावी लागते. घट्ट पीळ हवा तो यासाठीच. आजच्या लांब पल्ल्याच्या काडतुसांची तुलना करतानाही हेच तीन घटक पाहिले जातात : गोळीचे वजन, तिचा छेद आणि नळीचा पीळ.

हाइथची कसोटी

एप्रिल १८५७ मध्ये केंट परगण्यातील हाइथ येथील लष्करी नेमबाजी विद्यालयात, युद्धमंत्री लॉर्ड पॅनम्युअर यांच्या उपस्थितीत दोन्ही रायफली समोरासमोर आल्या. ५०० यार्डांवर एनफिल्डच्या गोळ्या मध्यापासून सरासरी सव्वादोन फूट भरकटल्या, तर व्हिटवर्थच्या अवघे साडेचार इंच. ११०० यार्डांवर, म्हणजे सुमारे एक किलोमीटरवर, एनफिल्डची चूक आठ फुटांपर्यंत गेली. व्हिटवर्थची सुमारे अडीच फुटांवर थांबली. १४०० यार्डांवर एनफिल्डला लक्ष्य गाठताच आले नाही. अर्धा इंच जाडीच्या एल्मच्या फळ्या एकामागे एक उभ्या केल्या, तेव्हा एनफिल्डच्या गोळीने १२ फळ्या भेदल्या, व्हिटवर्थच्या गोळीने ३३.

हे सारे घडत होते तेव्हा हिंदुस्थानात त्याच एनफिल्डच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून शिपायांमध्ये असंतोष धुमसत होता. २९ मार्चला बराकपूर येथे मंगल पांडे यांनी शस्त्र उचलले होते आणि १० मे रोजी मेरठ पेटले. एकाच काडतुसाची एक परीक्षा इंग्लंडच्या मैदानावर आणि दुसरी बंगालच्या छावणीत, एकाच वसंतात झाली. हाइथला मोजले गेले ते इंच आणि फूट. शिपायाच्या मनाचे मोजमाप मात्र कोणी केले नव्हते.

नाकारलेला विजय

एवढे यश मिळूनही व्हिटवर्थ रायफल लष्कराने स्वीकारली नाही. व्यास युद्धासाठी फार लहान आहे, असा निर्णय १८५९ मध्ये देण्यात आला. अरुंद नळीत दारूची काजळी लवकर साचून पुढची गोळी भरणे कठीण होई. शिवाय किंमत एनफिल्डच्या जवळपास चौपट होती. हे आक्षेप पूर्णपणे निराधार नव्हते. घाईत गोळी भरणाऱ्या सामान्य शिपायाच्या हाती इतके नाजूक शस्त्र कितपत टिकले असते, हा प्रश्न रास्तच होता.

मानसन्मान मात्र मिळाले. २ जुलै १८६० रोजी विम्बल्डन येथे राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धांचे उद्घाटन राणी व्हिक्टोरिया यांनी व्हिटवर्थ रायफलीने केले. ४०० यार्डांवरील लक्ष्याच्या मध्यापासून ती गोळी जेमतेम सव्वा इंच ढळली. अमेरिकेतील यादवी युद्धात दक्षिणेच्या निवडक नेमबाजांकडे या रायफली पोहोचल्या. ९ मे १८६४ रोजी स्पॉटसिल्व्हेनिया येथे उत्तरेचे सेनानी जॉन सेजविक दूरवरून आलेल्या गोळीने ठार झाले. ती व्हिटवर्थची होती असे सामान्यतः मानले जाते. कागदाच्या पडद्यांवर सिद्ध झालेल्या अचूकतेचा खरा अर्थ काय, हे त्या घटनेने दाखवून दिले.

षट्कोनी नळी मागे पडली, पण तत्त्व टिकले. १८७१ मध्ये ब्रिटिश लष्कराने स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीचा व्यास ०.४५ इंच आणि पीळ २२ इंचांत एक फेरा होता. ज्याला फार लहान म्हणून नाकारले, तोच व्यास बारा वर्षांत लष्कराचा मानक ठरला. १८८८ च्या ली-मेटफर्डमध्ये तर तो ०.३०३ इंचांवर आला.

मागे उरले ते

व्हिटवर्थ यांनी पुढे तोफाही बनवल्या, वितळलेल्या पोलादावर दाब देऊन ते निर्दोष करण्याची पद्धत शोधली आणि त्यातून अमाप पैसा मिळवला. १८६८ मध्ये तरुण अभियंत्यांसाठी त्यांनी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. हाताने काम करणाऱ्याला शास्त्र आणि शास्त्र शिकणाऱ्याला हातकाम यावे, हा त्यामागील हेतू होता. १८६९ मध्ये त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. २२ जानेवारी १८८७ रोजी मॉन्टे कार्लो येथे त्यांचे निधन झाले. अपत्य नसल्याने संपत्तीचा मोठा भाग सार्वजनिक कामांकडे वळला. मँचेस्टरमधील व्हिटवर्थ कलादालन आणि उद्यान त्यातूनच उभे राहिले.

त्यांच्या रायफली आज संग्रहालयांत आणि हौशी नेमबाजांकडे उरल्या आहेत. शिष्यवृत्त्या मात्र आजही दिल्या जातात आणि नळाचे आटेही रोज, कोणाच्या लक्षातही न येता, आपले काम करीत आहेत.