सेकंड-हँड गाडीतले बग शोधता शोधता: हेन्री रॉइसची गोष्ट

रोल्स-रॉइस म्हटलं की करोडोंची किंमत आणि आत बसल्यावर इंजिनचा आवाजही न येणं, एवढंच आपल्याला आठवतं. पण या नावातला 'रॉइस' गाड्यांच्या धंद्यात आला तो एका वापरलेल्या, धडधडणाऱ्या फ्रेंच गाडीमुळे. जुनी आरएक्स १०० किंवा बुलेट हौसेने घेऊन नंतर दर रविवारी तिच्यासमोर पाना घेऊन बसणारे मित्र तुमच्याही ओळखीत असतील. हेन्री रॉइसने नेमकं तेच केलं. फक्त तो थांबला नाही.

त्याचा जन्म २७ मार्च १८६३ चा, इंग्लंडमधल्या पीटरबरोजवळच्या अलवॉल्टन गावातला. वडिलांचा पिठाच्या गिरणीचा धंदा बुडाला, कुटुंब लंडनला आलं आणि हेन्री नऊ वर्षांचा असताना वडील वारले. मग पोराने पेपर विकले, तारा पोचवल्या. शाळा सगळी मिळून जेमतेम एक वर्ष. नात्यातल्या एका बाईंनी वर्षाला २० पौंड भरून त्याला पीटरबरोच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस म्हणून लावलं. पण तीन वर्षांत त्यांचेही पैसे संपले आणि शिक्षण अर्धवट सुटलं. म्हणजे डिग्री सोडा, हातात साधं सर्टिफिकेटही नाही.

वीज तेव्हा नवीन होती, आजच्या एआयसारखी. रॉइस तिच्यात घुसला. १८८४ मध्ये साठवलेले २० पौंड आणि अर्नेस्ट क्लेअरमाँट या भागीदाराचे ५० पौंड एवढ्यावर मँचेस्टरच्या कुक स्ट्रीटवर छोटा कारखाना सुरू झाला. आधी दारावरच्या घंट्या आणि दिवे, मग डायनॅमो, मग विजेवर चालणाऱ्या क्रेन. क्रेनला चांगलं नाव मिळालं. पण १९०० नंतर जर्मनी आणि अमेरिकेतून स्वस्त माल यायला लागला आणि ऑर्डरी आटल्या. रॉइस क्वालिटी कमी करून किंमत पाडायला तयार नव्हता. कंपनी अडचणीत, तब्येत ढासळलेली, आणि अशा वेळी, १९०२-०३ च्या सुमारास, या माणसाने डेकोव्हिल कंपनीची दोन सिलिंडरची सेकंड-हँड गाडी घेतली.

ही गाडी स्टेशनवरून ढकलत आणावी लागली, अशी एक गोष्ट नेहमी सांगतात. मला ती मीठमसाला लावलेली वाटते, कारण त्या काळाच्या मानाने डेकोव्हिल बरी गाडी होती. पण बरी म्हणजे काय? आवाज फार, थरथर फार, इंजिन तापायचं आणि इग्निशनचा भरवसा नाही.

यातलं इग्निशन जरा समजून घेऊ, कारण रॉइसचा हात तिथेच बसलेला होता. तेव्हा गाडीत बॅटरी, कॉइल आणि सतत थरथरणारा एक छोटा कॉन्टॅक्ट असायचा. कॉन्टॅक्ट उघडला की कॉइलमधला करंट एकदम तुटतो, त्यामुळे दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट तयार होतात आणि प्लगच्या टोकाला ठिणगी पडते. तत्त्व साधं आहे. पण कॉन्टॅक्ट काळा पडला किंवा एखादी वायर सैल झाली की ठिणगी कधी पडते, कधी नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना सगळ्यात जास्त छळतो तो असाच बग, दाखवायला गेलं की गायब होणारा. वीस वर्षं डायनॅमो बनवणाऱ्या माणसाला मात्र सैल जोड आणि घाणेरडा कॉन्टॅक्ट हे रोजचे शत्रू होते. त्याने वायरिंग आणि कॉन्टॅक्ट यांच्यावर बारकाईने काम केलं.

थरथरीचं गणित वेगळं. दोन सिलिंडरचं इंजिन हलणारच, ते पूर्ण थांबवता येत नाही. पण क्रँकशाफ्ट दणकट केला, त्याला तीन बेअरिंगांचा आधार दिला आणि फिरणारे भाग नीट तोलले तर फरक पडतो. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल-हवेचं प्रमाण वेगाबरोबर बिघडायचं, म्हणून तो स्वतः डिझाइन केला. सायलेन्सर आणि रेडिएटरही सुधारले.

गंमत बघा, रॉइसने कुठलाच नवा शोध लावलेला नाही. आमच्याकडे जुना कोड बघितला की पहिला विचार येतो, सगळं फेकून पुन्हा लिहू. त्याने डेकोव्हिल पूर्ण खोलली, जे ठीक होतं ते ठेवलं आणि जे खटकलं ते एकेक करून बदललं. मग त्याच धर्तीवर स्वतःच्या तीन गाड्या बनवायला घेतल्या. भागीदार क्लेअरमाँटला काळजी वाटणं स्वाभाविक होतं, क्रेनचा धंदा बसलेला आणि मालक गाड्यांच्या नादात. रॉइसला जेवणाचीही शुद्ध नसायची. दुधाचा ग्लास घेऊन पोरं त्याच्यामागे फिरायची म्हणतात.

१ एप्रिल १९०४ ला पहिली गाडी कुक स्ट्रीटवरून निघाली आणि साधारण २४ किलोमीटरवरच्या नट्सफर्डच्या घरी पोचली. त्याच वर्षी ४ मे रोजी मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात त्याची चार्ल्स रोल्सशी भेट झाली. रोल्स श्रीमंत घरातला, लंडनमध्ये परदेशी गाड्या विकणारा. दोन सिलिंडरच्या गाड्या त्याला आवडत नसत. ही चालवून बघितली आणि रॉइस बनवेल त्या सगळ्या गाड्या विकायला तो तयार झाला. १९०६ मध्ये कंपनी उभी राहिली, आणि पुढे सिल्व्हर घोस्ट म्हणून गाजलेली सहा सिलिंडरची गाडीही त्याच वर्षी आली.

या गाडीचा आपल्याशीही संबंध आहे. १९०८ मध्ये मुंबई-कोल्हापूर मार्गावर मोटारींची चाचणी झाली, जवळजवळ १,००० किलोमीटरची आणि वाटेत सहा घाट. 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाची सिल्व्हर घोस्ट तिथे जिंकली आणि नंतर ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती घेतली. तेव्हाचे घाटरस्ते डोळ्यासमोर आणा, म्हणजे बेअरिंग आणि रेडिएटरवर घालवलेल्या रात्रींची किंमत कळेल.

१९१० मध्ये रोल्स विमान अपघातात गेला. १९११ मध्ये रॉइसची तब्येत पार कोसळली आणि पुढच्या वर्षी मोठं ऑपरेशन झालं. बायको मिनीपासून तो वेगळा राहू लागला, सोबत देखभाल करणारी नर्स. डर्बीच्या कारखान्यापासून त्याला मुद्दाम लांब ठेवलं गेलं. तिथे गेला की कामात स्वतःला जाळून घेईल, ही भीती. कधी दक्षिण फ्रान्स, कधी इंग्लंडचा समुद्रकिनारा, अशा घरांतून तो ड्रॉइंग तपासायचा आणि दुरुस्त्या कळवायचा. व्हिडिओ कॉल नसताना वीस वर्षं चाललेलं रिमोट वर्क!

याच काळात त्याचं लक्ष विमानांच्या इंजिनांकडे वळलं. त्याच्या दोन ईगल इंजिनांवर १९१९ मध्ये अल्कॉक आणि ब्राउन यांनी न थांबता अटलांटिक ओलांडला. १९३० मध्ये सरकारने 'सर' केलं, तरी स्वतःची ओळख तो मेकॅनिक अशीच सांगायचा. २२ एप्रिल १९३३ ला वेस्ट विटरिंगच्या घरी तो गेला. तेव्हा डर्बीत एका नव्या बारा सिलिंडरच्या इंजिनाचं काम चालू होतं. ऑक्टोबरमध्ये ते पहिल्यांदा सुरू झालं. मर्लिन त्याचं नाव, दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानांत बसवलेलं.